माणूस नसताना झालेलं काम: सर्व्हर अपडेटचा इतिहास, चाकणच्या गुरुवारातून



पेट आणि नेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न येत असतो. एम.एस्सी. सायन्समधून केलं, तर इतिहासाशी संबंधित विषयावर पीएच.डी. करता येते का? आणि येत असेल तर विषय कुठून आणायचा? या लेखात मी थेट उत्तर देणार नाही. माझ्या संशोधनातला एक छोटा तुकडा उलगडून दाखवते. वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

विषय ऐकायला अगदी कोरडा आहे: सर्व्हरवर मेंटेनन्सचे अपडेट टाकणं, आणि तेही स्क्रीनसमोर माणूस न बसवता, कमांड लाइनवरून. आयटीवाले याला सायलेंट किंवा अनअटेंडेड इन्स्टॉल म्हणतात. एक ओळ लिहायची, रात्री दोनची वेळ लावायची आणि घरी जायचं. सकाळी येऊन बघायचं, झालं की नाही. यात इतिहास कसला, असं वाटणं साहजिक आहे. पण चाकणच्या कारखान्यातून न्हावा शेवाच्या बंदराकडे निघालेला कंटेनर एक दिवस याच कारणाने अडकू शकतो, असं म्हटलं तर?

आधी शब्द समजून घेऊ

'पॅच' म्हणजे ठिगळ. सुरुवातीच्या संगणकांत प्रोग्राम कागदी पट्टीवर किंवा कार्डांवर भोकं पाडून साठवत. चूक सापडली की चुकीचं भोक कागद चिकटवून बुजवायचे, किंवा पट्टीचा तेवढा भाग कापून नवा जोडायचे. खरोखरचं ठिगळच. पुढे १९८५ मध्ये लॅरी वॉल याने 'पॅच' याच नावाचा प्रोग्राम लिहिला. दोन आवृत्त्यांमधला फरक एका लहान फाईलमध्ये पाठवायचा आणि समोरच्याने तो आपल्या मूळ फाईलवर चढवायचा, एवढंच त्याचं काम.

आपल्याला वाटतं की आधी माणूस 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत बसायचा आणि मग ऑटोमेशन आलं. कालक्रम बघितला तर गोष्ट उलटी आहे. मोठ्या मेनफ्रेम यंत्रांवर सगळंच काम बॅच पद्धतीने चालायचं. कामाची यादी द्यायची आणि निकाल छापून यायची वाट बघायची. आयबीएमच्या मेनफ्रेमवर अपडेट टाकण्यासाठी एसएमपी नावाची व्यवस्था होती, तिचं पुढचं रूप आजही वापरात आहे. त्यात तीन टप्पे वेगळे ठेवलेले आहेत: रिसीव्ह, अप्लाय आणि अॅक्सेप्ट. म्हणजे आधी अपडेट ताब्यात घ्या, मग चढवून बघा आणि काही दिवस चालवून खात्री पटली की कायमचं स्वीकारा. स्वीकारलं नसेल तोपर्यंत मागे फिरायची वाट उघडी राहते. क्लिक करत बसणारा माणूस या गोष्टीत नंतर आला, खिडक्या आणि माऊस आल्यावर.

आपल्या देशातही देखभालीचा इतिहास जुना आहे. १९७५ मध्ये सरकारने जी संगणक कंपनी काढली तिचं नावच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन होतं. आपण तिला सीएमसी म्हणून ओळखतो. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली तेव्हा इथल्या यंत्रांची देखभाल सीएमसीकडे आली. भारतातल्या संगणकाचा इतिहास लिहिताना आपण पहिलं यंत्र कोणतं, पहिली भाषा कोणती यावर पानंच्या पानं लिहितो. दुरुस्ती करणाऱ्यांवर मात्र एखादा परिच्छेद असतो. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

'क्वाएट' म्हणजे नक्की काय?

१९९० च्या दशकात एकेका कंपनीत शेकडो संगणक आले. प्रत्येकासमोर माणूस बसवणं परवडेना. मग सोलारिसमध्ये जंपस्टार्ट, रेड हॅटमध्ये किकस्टार्ट आणि विंडोज एनटीमध्ये ऑन्सर फाईल अशा सोयी आल्या. ऑन्सर फाईल म्हणजे उत्तरपत्रिकाच. इन्स्टॉलर जे प्रश्न विचारणार आहे त्यांची उत्तरं आधीच लिहून ठेवायची. विंडोज इन्स्टॉलर आल्यावर कमांडच्या शेवटी 'स्लॅश क्वाएट' आणि 'स्लॅश नोरिस्टार्ट' लिहायची पद्धत रूढ झाली: काही विचारू नकोस आणि यंत्र आपणहून रिस्टार्ट करू नकोस.

डेबियन लिनक्समध्ये हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. तिथे प्रत्येक प्रश्नाला महत्त्वाची पायरी दिलेली असते. 'नॉनइंटरॅक्टिव्ह' असं सांगितलं की कुठलाच प्रश्न विचारला जात नाही, ठरलेलं उत्तर गृहीत धरलं जातं. पण एक प्रश्न राहतोच. तुम्ही सेटिंगची फाईल हाताने बदलली आहे आणि अपडेटबरोबर तिची नवी प्रत आली आहे. जुनी ठेवायची की नवी घ्यायची? जुनी ठेवली तर नवी सुरक्षा सेटिंग कदाचित येणार नाही. नवी घेतली तर तुमच्या कारखान्यासाठी मुद्दाम केलेला बदल पुसला जाईल. याचंही उत्तर कमांडमध्येच आधी देता येतं. म्हणजे प्रश्न संपला का? नाही. फक्त तो रात्री दोनऐवजी आदल्या दुपारी सोडवला, आणि एका सर्व्हरसाठी न सोडवता सगळ्यांसाठी एकदाच सोडवला.

माझ्या संशोधनातला मुख्य मुद्दा इथे आहे. अनअटेंडेड इन्स्टॉलमध्ये निर्णय नाहीसा होत नाही, तो मागे सरकतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर सायलेंट पद्धतीने अपडेट टाकताना कमांडमध्ये परवान्याच्या अटी मान्य असल्याचा शब्द लिहावा लागतो. त्या शब्दाची सुरुवात 'आय अॅक्सेप्ट' अशी आहे. यातला 'आय' कोण? रात्री दोन वाजता तर खोलीत कोणीच नसतं. स्क्रिप्ट लिहिणारा? त्याला सही करायचा अधिकार आहे का? इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा ठिकाणी थांबलं पाहिजे.

चाकणचा गुरुवार

आता चाकणला येऊ. इतिहास म्हटलं की चाकणबाबत आपल्याला संग्रामदुर्ग आणि १६६० मधला फिरंगोजी नरसाळ्यांचा लढा आठवतो. पण गेल्या पंचवीस वर्षांचं चाकण हाही इतिहासच आहे. बजाज ऑटोचा इथला कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा. त्याच सुमाराला मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्राही आले. त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे पुरवठादार खराबवाडी, महाळुंगे, निघोजेपर्यंत पसरले.

या कारखान्यांत सर्व्हर असतातच. कुठल्या गाडीला कुठला भाग लागणार, कुठला ट्रक कधी सुटणार, बारकोड कुठला छापायचा, हे सगळं त्यांच्यावर चालतं. ऑफिसातला सर्व्हर रात्री बंद ठेवता येतो. तीन पाळ्यांच्या कारखान्यात 'रात्र' अशी वेळच नसते. मग अपडेट कधी टाकायचं?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यातल्या कोणालाही विचारा, उत्तर येईल: गुरुवारी. इथली साप्ताहिक सुट्टी बहुतेक ठिकाणी गुरुवारची. सगळ्या औद्योगिक वसाहतींचा विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून देण्याची जुनी पद्धत आहे, त्यातलाच हा वार. म्हणजे सर्व्हरच्या देखभालीचं वेळापत्रक विजेच्या वेळापत्रकावर येऊन बसलं.

आता यावर दुसरं कॅलेंडर ठेवून बघा. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट देते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची सकाळी दहाची वेळ, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात मंगळवारी रात्री साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. तिथून गुरुवारची सकाळ दीड दिवससुद्धा लांब नाही. त्या वेळात अपडेट आधी चाचणीच्या सर्व्हरवर टाकून बघणार कसं? मशीन पुरवणाऱ्या कंपनीने 'आमचं सॉफ्टवेअर या अपडेटवर चालेल' असं कळवायचं कधी? तो गुरुवार सुटला की पुढचा नवव्या दिवशी. त्या गुरुवारी जादा उत्पादन असेल तर त्याच्या पुढचा. 'आयटीवाले आळशी आहेत' असं म्हणण्याआधी ही दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवायला हवीत.

१८५, ५९, १०५

हे तीन आकडे मोजायला सोपे आहेत. तुम्हीही मोजून बघा.

पहिला, १८५ दिवस. एसक्यूएल सर्व्हर २००० मधल्या एका त्रुटीवरचं अपडेट २४ जुलै २००२ ला आलं. त्याच त्रुटीतून घुसणारा स्लॅमर नावाचा वर्म २५ जानेवारी २००३ ला सुटला. फक्त ३७६ बाइटचा. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी बाधित यंत्रं दुप्पट होत होती आणि दहा मिनिटांत धोक्यात असलेल्या यंत्रांपैकी ९० टक्क्यांहून जास्त बाधित झाली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रातली सुरक्षा-माहिती दाखवणारी संगणक व्यवस्था जवळपास पाच तास बंद पडली. अणुभट्टी त्या काळात आधीच बंद होती म्हणून बरं.

सहा महिने हातात असताना अपडेट का टाकलं नाही? दोन कारणं महत्त्वाची आहेत. एक, ते पहिलं अपडेट सोयीच्या इन्स्टॉलरमध्ये आलेलं नव्हतं. सेवा थांबवून फाईल हाताने बदलावी लागत होती. शंभर सर्व्हर असतील तर शंभर वेळा. दोन, एसक्यूएल सर्व्हरची लहान आवृत्ती इतर सॉफ्टवेअरच्या पोटात येत होती. आपल्याकडे ती आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं. म्हणून 'अपडेट उपलब्ध होतं' आणि 'अपडेट टाकता येत होतं' ही दोन वेगळी विधानं आहेत. संशोधनात यांची गल्लत करू नका.

दुसरा, ५९ दिवस. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने एमएस १७-०१० हे अपडेट दिलं. १४ एप्रिलला त्या त्रुटीचा फायदा घेणारं 'इटर्नलब्लू' हे साधन उघड झालं. १२ मे ला वॉनाक्राय पसरलं. फ्रान्समधले रेनोचे कारखाने थांबले, चेन्नईजवळच्या रेनो-निसानच्या कारखान्यालाही झळ पोहोचली. या ५९ दिवसांत चाकणचे गुरुवार किती? नऊ. नववा गुरुवार ११ मे चा, म्हणजे हल्ल्याच्या आदल्या दिवशीचा! कागदावर ५९ दिवस असले तरी तीन पाळ्यांच्या कारखान्याच्या हातात प्रत्यक्षात नऊच संधी होत्या.

इथे एक गैरसमजही तपासून घेऊ. वॉनाक्राय म्हणजे जुन्या विंडोज एक्सपीचं दुखणं, असं आजही सांगितलं जातं. पण कॅस्परस्कीने तेव्हा दिलेल्या आकड्यांनुसार बाधित यंत्रांपैकी सुमारे ९८ टक्के यंत्रं विंडोज ७ ची होती, म्हणजे त्यांच्यासाठी अपडेट मार्चपासून उपलब्ध होतं. सगळ्यांना माहीत असलेलं कारण आकड्यांशी ताडून बघा, ते मी म्हणते ते असं.

तिसरा, १०५ दिवस, म्हणजे पंधरा गुरुवार. १४ मार्च ते २७ जून २०१७. त्या दिवशी काय झालं ते जरा सावकाश बघू.

न्हावा शेवा, २७ जून २०१७

चाकणहून निघालेला कंटेनर तळेगावमार्गे द्रुतगती मार्गाला लागतो आणि उरण तालुक्यातल्या जेएनपीटी बंदरात पोहोचतो. तिथल्या टर्मिनलांपैकी गेटवे टर्मिनल्स इंडिया हे डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या एपीएम टर्मिनल्सचं, कॉनकॉरच्या भागीदारीतलं. २७ जूनला मर्स्कचे संगणक जगभर एकाच वेळी बंद पडले आणि हे टर्मिनलही थांबलं. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, कुठल्या जहाजावर, हे सांगणारी व्यवस्थाच गेली. जमेल तेवढं काम हाताने करायची वेळ आली. क्रेन शाबूत, जहाज शाबूत, रस्ता शाबूत, पण माहिती नाही म्हणून माल जागच्या जागी.

हा नॉटपेट्याचा हल्ला. तो आला कुठून? युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक नावाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी अपडेट पुरवणारा सर्व्हरच ताब्यात घेतला होता. ज्यांनी शिस्तीने अपडेट घेतलं, त्यांच्याच घरात तो शिरला.

मग तो पसरला कसा? एक वाट इटर्नलब्लूची, म्हणजे एमएस १७-०१० न टाकलेल्या यंत्रांची. पण दुसरीही वाट होती. बाधित यंत्राच्या मेमरीतून अॅडमिनचे पासवर्ड उचलायचे आणि पीएसएक्झेक व डब्ल्यूएमआयसी ही साधनं वापरून शेजारच्या यंत्रावर कमांड चालवायची. सिस्टिम अॅडमिन लोकांना ही दोन नावं ओळखीची आहेत. दुसऱ्या यंत्रावर न जाता तिथे गुपचूप अपडेट चढवायला हीच साधनं वापरली जातात. हल्लेखोराने नवा रस्ता बांधला नाही, देखभालीचाच रस्ता वापरला. त्यामुळे सर्व अपडेट टाकलेलं यंत्रसुद्धा शेजारच्या एका यंत्रामुळे पडलं.

म्हणून 'पॅच टाकला असता तर नॉटपेट्या झालाच नसता' हे वाक्य प्रबंधात लिहिलं तर मार्गदर्शक लाल पेनाने खूण करतील, आणि ते बरोबरच असेल. एका कारणावर सगळा भार टाकता येत नाही. इथे तीन गोष्टी एकत्र आल्या: न टाकलेलं अपडेट, विश्वासाने घेतलेलं अपडेट आणि सगळीकडे चालणारे अॅडमिनचे अधिकार.

मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. त्या दहा दिवसांत किती जणांनी ऑफिसातच झोप काढली असेल, याची नोंद कुठल्याही ताळेबंदात नाही.

उलटी बाजूही बघा

मग सगळं हातानेच करावं का? तेही शक्य नाही. आणि आपोआप म्हणजे सुरक्षित असंही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाईल आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपोआप वाटली गेली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर ८५ लाख विंडोज यंत्रं बाधित झाली होती. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास त्या दिवशी तुम्हीही फोटोत बघितले असतील. गंमत अशी, की बिघाड पसरायला कोणीच लागलं नाही. दुरुस्तीला मात्र बहुतेक ठिकाणी माणूसच लागला: एकेका यंत्रासमोर बसून ते सेफ मोडमध्ये उघडायचं आणि ती फाईल पुसायची. एसएमपीमधला 'अप्लाय' आणि 'अॅक्सेप्ट' यांतला फरक इथे आठवा. मधला थांबा काढून टाकला की वेग येतो, पण परतीची वाट अरुंद होते.

साधन कुठलं? लॉग

इतिहासाला साधनं लागतात. माझं एक मुख्य साधन म्हणजे इन्स्टॉलरचा लॉग. माणूस समोर नसल्यामुळे यंत्र जे लिहून ठेवतं तेवढीच साक्ष. ती वाचताना विंडोजचे काही कोड माहीत हवेत:

• ० म्हणजे यशस्वी.
• १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे, नंतर या.
• १६०३ म्हणजे गंभीर चूक, काम झालं नाही.
• ३०१० म्हणजे झालं, पण यंत्र रिस्टार्ट करायचं बाकी आहे.

यातला ३०१० सगळ्यात फसवा. 'नोरिस्टार्ट' लिहिल्यामुळे यंत्र आपणहून बंद होत नाही. रिपोर्टमध्ये बऱ्याचदा ३०१० ची गणना यशात होते. पण रिस्टार्ट होईपर्यंत मेमरीत जुनाच कोड चालू असू शकतो. म्हणजे कागदावर सुरक्षित, प्रत्यक्षात पुढच्या गुरुवारपर्यंत उघडा. एखाद्या कंपनीने '९५ टक्के अपडेट पूर्ण' असं सांगितलं, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: त्यात ३०१० किती?

दुसरी अडचण मोठी आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. ही किमान मुदत आहे. पण डिस्कची जागा मर्यादित असते, त्यामुळे मुदत संपली की जुना लॉग पुसला जाण्याची शक्यता मोठी. आपल्या साधनाचं आयुष्य सहा महिने! मोडी कागदपत्रं तीनशे वर्षं टिकली आणि मागच्या दिवाळीचा सर्व्हर लॉग आज मिळेलच असं नाही. त्यात बिघाड झाला तर निदान चौकशी होते, अहवाल होतो. सगळं सुरळीत झालं तर काहीच उरत नाही. म्हणून या क्षेत्राचा लिखित इतिहास हा अपयशांचा इतिहास झाला आहे. इथेही स्लॅमर, वॉनाक्राय, नॉटपेट्या हीच उदाहरणं आली. ज्यांनी त्या नऊपैकी एखाद्या गुरुवारी, कारखाना बंद असताना येऊन अपडेट टाकलं आणि ज्यांच्याकडे १२ मे ला काहीच झालं नाही, त्यांचं नाव कुठेच नाही. सीएमसीच्या काळात जे झालं, तेच पुन्हा होतंय.

तुमच्यासाठी काही प्रश्न

संशोधन प्रस्ताव लिहिताना हे प्रश्न उपयोगी पडतील. यातला कुठलाही उचला:

१. आपल्या भागातल्या लहान पुरवठादाराकडे अपडेटचा निर्णय कोण घेतं: मालक, बाहेरून येणारा आयटीवाला, की मोठा ग्राहक कारखाना?
२. साप्ताहिक सुट्टीचा वार आणि देखभालीची वेळ यांचा संबंध इतर औद्योगिक वसाहतींत कसा आहे?
३. कमांडमधली 'मान्य आहे' ही संमती कायद्याच्या आणि कामगाराच्या नजरेतून कोणाची?

कामाला लागताना तीन गोष्टी पाळा. लॉग मागण्याआधी लेखी परवानगी घ्या आणि सर्व्हरची नावं, पत्ते झाकून मगच नोंदी वापरा, कारण तुमच्या प्रबंधातून कोणाच्या कारखान्याचं दार उघडं पडता कामा नये. प्रत्येक घटनेसाठी तीन तारखा वेगवेगळ्या लिहा: अपडेट आलं कधी, टाकता आलं असतं कधी, टाकलं कधी. आणि गुरुवारी कामावर असलेल्या माणसाशी बोला. लॉगमध्ये १६१८ दिसेल, पण त्या वेळी नेमकं काय अडलं होतं हे तोच सांगेल.

हे काम आत्ताच करायला हवं. तुमच्या ओळखीत चाकण, भोसरी किंवा रांजणगावला सर्व्हर सांभाळणारं कोणी असेल, तर येत्या गुरुवारी त्यांना एक फोन करा आणि त्या दिवशी काय काम निघालं ते लिहून घ्या. तारीख टाकायला विसरू नका.